जीपच्या फळ्या: आधी बोल्ट, मग पॉलिश पेपर

जुन्या लष्करी जीपच्या लाकडी फळ्या राखाडी पडल्यात म्हणून लगेच नव्या कापायला घेऊ नकोस. राखाडीपणा बहुतेक वेळा वरवरचाच असतो. पेचकस टोचून बघ. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय. टणक लागलं तर फळी वाचेल.

घासाघाशी नंतर. आधी बोल्ट काढ, कारण खरी कूज त्यांच्या भोकात आणि फळीच्या कापलेल्या टोकांत लपलेली असते. पाणी तिथूनच शिरतं. मी पहिल्या गाडीला वरून झकास वार्निश मारलं, टोकं तशीच कोरडी ठेवली. एका पावसाळ्यात वार्निशचे पापुद्रे सुटले! तेव्हापासून मी उकळलेलं (तयार मिळणारं ‘बॉइल्ड’) जवसाचं तेलच वापरतो. टोकांना, भोकांना लाकूड ते पिईनासं होईपर्यंत पाजायचं, बाकी फळीला पातळ हात. वरचं जादा तेल पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजव किंवा उघड्यावर पसरून वाळव.

बोल्टाभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. हातमोजे घाल, नंतर भरपूर पाण्याने धू, पूर्ण वाळू दे. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०चा, बास. जुना लष्करी रंग शिल्लक असेल तर मात्र कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं.