रक्तातलं इन्फेक्शन डोळ्यात जाऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना मधुमेह आहे, लघवीच्या इन्फेक्शनसाठी ते फोंड्यात आठवडाभर ॲडमिट होते आणि घरी आल्यावर त्यांचा एक डोळा लाल होऊन धूसर दिसायला लागलंय. हो, रक्तातून डोळ्यात जंतू जातात. उद्यावर ढकलू नका, आजच दाखवा.

मी डॉक्टर नाही, पण माझ्या डिचोलीच्या मावशीचं अगदी असंच झालं. ताप उतरला आणि चौथ्या दिवशी डोळा लाल. शेजारीण म्हणाली, डोळे आलेत. एका दवाखान्यातून थेंब मिळाले, ते निघाले स्टेरॉइडचे. दोन दिवस लाली उतरल्यासारखी वाटली. मग बुबुळाच्या तळाशी पांढरी कोर दिसली, पेजेत शितं खाली बसतात ना, तशी. तो पू होता.

डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, चुरचुरतं, पण नजर सहसा शाबूत असते. बाबांचा चांगला डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला सांगा. मावशीला लाल छापलेला रविवारसुद्धा दिसेना.

आम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेलो, पण तापाबद्दल चकार शब्द काढला नाही. तो तर बरा झाला होता! तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनीच तिचा हात धरून विचारलं, "हे काळंनिळं कशाचं?" सलाईनच्या खुणा होत्या त्या. मग चक्रं फिरली: डोळ्याची सोनोग्राफी, रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी), डोळ्याच्या आतल्या पाण्याचा नमुना.

याचं नाव एंडोजीनस एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे रक्तातून येऊन डोळ्याच्या आत झालेलं इन्फेक्शन. जंतू लघवीतून, यकृतातल्या गळवातून, हृदयाच्या झडपेवरून किंवा सलाईनच्या नळीतून रक्तात शिरतात; कधी कँडिडा ही बुरशीही असते. मधुमेहात धोका जास्त, आणि २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या पाहणीत २६.४ टक्के मधुमेहींसह गोवा देशात पहिला होता. शिरेतून दिलेलं औषध डोळ्याच्या आतल्या जेलीत पुरेसं उतरत नाही, म्हणून व्हॅन्कोमायसिन, सेफ्टाझिडिम ही अँटिबायोटिक्स थेट डोळ्यात टोचतात. ऐकूनच पोटात गोळा येतो, पण आधी डोळा बधिर करतात. मावशीची नंतर जेली काढायची शस्त्रक्रियाही झाली. आता त्या डोळ्याने ती समोरची बोटं मोजते, वाचता येत नाही.

मेडिकलमधून थेंब आणू नका. डिस्चार्ज कार्ड आणि लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट सोबत न्या. त्यावर जंतूचं नाव असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते लागेल.