इमेज तीच, मग चारच नोड का रुसले?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये १२ नोडचा क्लस्टर (एकत्र काम करणारे १२ संगणक) आहे, रॉकी लिनक्स ९. एका नोडवर सगळं सेट केलं, डीडी कमांडने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेतली आणि बाकीच्यांवर टाकली. जुने नोड मस्त चालतायत पण यंदा आलेल्या ४ नव्या नोडवर बूट होताना बराच वेळ ड्रॅकटचा टाइमआउट येत राहतो आणि शेवटी इमर्जन्सी शेल (बूट अडकल्यावर नुसती कमांड द्यायला मिळणारी स्क्रीन). इमेज पुन्हा पुन्हा टाकून झाली, चेकसम (प्रत हुबेहूब उतरली का ते सांगणारा आकडा) पण जुळतोय. जुन्यात साटा एसएसडी आहे, नव्यात एनव्हीएमई (डिस्क जोडायची वेगळी पद्धत).
– एक लॅब असिस्टंट, नांदेड

उत्तर: चेकसम जुळतोय ना, मग इमेज टाकणं बंद करा, ती दहादा टाकलीत तरी तीच राहणार. तुम्ही शेवटच्या वाक्यात सहज लिहिलंय तिथेच सगळी मेख आहे, साटा आणि एनव्हीएमई.

होतं काय, रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये ड्रॅकट हे टूल जेव्हा इनिटरॅमएफएस (लिनक्सच्या गाभ्यासोबत, म्हणजे कर्नलसोबत, बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टम) बनवतं तेव्हा ते डिफॉल्टने होस्ट-ओन्ली असतं, म्हणजे ज्या मशीनवर बनवलं त्या मशीनला लागणारेच ड्रायव्हर आत भरतं. तुमच्या मास्टरला, म्हणजे इमेज घेतली त्या नोडला, एनव्हीएमई नव्हतीच, मग ड्रायव्हर आत कशाला येईल. नव्या नोडवर ग्रब (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, कर्नल लोड होतो, आणि कर्नल रूट (मुख्य) फाइलसिस्टम शोधायला लागला की त्याच्यापुरती डिस्कच नाहीये. खात्री करायची तर त्या इमर्जन्सी शेलमध्ये प्रॉक मधली पार्टिशन्स फाइल कॅट करून बघा, एनव्हीएमईचं नावच नसेल तर निदान पक्कं.

आता गंमत म्हणजे उपाय तुमच्या ग्रब मेनूतच पडलाय. तिथे खाली रेस्क्यू नावाची एंट्री असते, तिचा इनिटरॅमएफएस होस्ट-ओन्ली नसतो, सगळे ड्रायव्हर भरलेला असतो, त्यामुळे नवा नोड त्याने बहुतेक सरळ बूट होईल. पण तिथे दुरुस्ती करून थांबू नका, नाहीतर पुढच्या इमेजला परत हेच. मास्टरवर ड्रॅकट-कॉन्फिग-जेनेरिक हे पॅकेज टाका, ड्रॅकट फोर्स आणि रीजनरेट-ऑल देऊन चालवा आणि मग नवी इमेज घ्या. इनिटरॅमएफएस थोडा जाडा होईल, होऊ दे.

हात घातलाच आहे तर एफएसटॅब (बूटला कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं ती यादी) पण बघून घ्या. कुणीतरी हौसेने डेव्ह-एसडीए-२ असं लिहिलेलं असेल तर नव्या नोडवर ते नावच नाही, तिथे यूयूआयडी (फाइलसिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांक) हवा. आणि स्क्रॅच (तात्पुरत्या फाइलींच्या) डिस्कच्या ओळीत नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी बूट पुढे चालू दे, असं लिहा, नाहीतर ज्या नोडला ती डिस्क नाही तो दीड मिनिट वाट बघत बसेल आणि मग परत इमर्जन्सीत जाईल. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी लिनक्सची व्यवस्था) वापरत असाल तर अजून एक भानगड: या ९ व्हर्जनमध्ये ईटीसी-एलव्हीएम खाली डिव्हाइसेसची फाइल असते, तिच्यात मास्टरच्या डिस्कची ओळख लिहिलेली असते, दुसऱ्या नोडवर एलव्हीएम म्हणू शकतं की ही माझी डिस्कच नाही. इमेज घेण्याआधी ती फाइल मास्टरवरून काढून टाकलेली बरी.

आणि नव्या डिस्क मोठ्या असतील तर कर्नल लॉगमध्ये जीपीटीचा (डिस्कवरच्या पार्टिशन टेबलचा) दुसरा हेडर डिस्कच्या शेवटी नाही अशी तक्रार दिसेल. जीपीटीची बॅकअप प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असते, डीडीने ती जुन्या टोकाला आणून ठेवली. एसजीडिस्कला मायनस स्मॉल ई द्या, ती जागेवर जाते.

प्रश्न: दोन्ही डिस्कवर ४८० जीबी लिहिलंय तरी क्लोनझिला (डिस्क क्लोन करायचं सॉफ्टवेअर) म्हणतं टार्गेट डिस्क लहान आहे. असं कसं?

उत्तर: लेबल सोडा, दोन्हीकडे ब्लॉकडेव्ह कमांडने नेमके बाइट विचारा, कंपनीगणिक थोडा फरक निघतो आणि क्लोनझिलाला तेवढा पुरतो. चेक स्किप करायचा ऑप्शन आहे पण शेवटचं पार्टिशन टोकापर्यंत भिडलेलं असेल तर तो वापरू नका. एक्सएफएस ही फाइलसिस्टम आकसत नाही, त्यामुळे नंतर छोटं करू म्हणणाऱ्यांची तिथेच गोची होते. मास्टरवर मुळातच ६० जीबीत सगळं बसवा, बाकी डिस्क मोकळी ठेवा, आणि नोड पहिल्यांदा उठला की ग्रोपार्ट आणि एक्सएफएस-ग्रोएफएस (पार्टिशन आणि फाइलसिस्टम वाढवणाऱ्या कमांड) चालवा. सेक्टर साइज पण तपासा, ५१२ बाइटवाल्या डिस्कचं पार्टिशन टेबल ४०९६ वाल्या डिस्कवर जसंच्या तसं टाकलं तर सगळे आकडे चुकीच्या जागी बोट दाखवतात.

प्रश्न: सेकंडहँड घेतलेल्या डिस्कवर पार्टिशन करायला गेलं की डिव्हाइस बिझी येतं. माउंट तर काहीच नाही.

उत्तर: प्रॉक मधली एमडीस्टॅट बघा, एमडी-१२७ असलं काहीतरी आपोआप उभं राहिलेलं असणार, जुन्या मालकाच्या रेडचं (अनेक डिस्क मिळून केलेल्या ॲरेचं) भूत. डीडीने सुरुवातीचे मेगाबाइट पुसून ते जातंच असं नाही, काही प्रकारांत मेटाडेटा डिस्कच्या शेवटी असतो. एमडीएडीएमने ॲरे स्टॉप करा, झीरो-सुपरब्लॉक करा, मग वाइपएफएस मायनस ए (उरलेल्या जुन्या खुणा पुसायला). डिस्कचं नाव सीरियल नंबरवरून पक्कं करा, एसडीए एसडीबी रीबूटला अदलाबदल होतात आणि वाइपएफएस कुणाला विचारत नाही.

प्रश्न: उबुंटू सर्व्हरवर क्लोन केलेले सगळे नोड डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून) एकच आयपी घेतायत, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) वेगळे आहेत तरीही!

उत्तर: मशीन-आयडी (लिनक्स त्या मशीनला देतं तो ओळख क्रमांक) सगळीकडे सेम गेलाय. तिथे नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक नाही, त्या आयडीवरून बनवलेला नंबर देतो. मास्टरवर ईटीसी मधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, डिलीट नको, रिकामी, आणि लगेच शटडाउन करून इमेज घ्या. आधीच लागलेल्या नोडवर पण तेच करून रीबूट, आणि तरी जुनाच आयपी आला तर डीएचसीपी सर्व्हरवरचे जुने लीज (आधी दिलेल्या आयपींच्या नोंदी) काढा.