तळ्यातला मांगूर आणि वाडीतली शंखी

प्रश्न : आमच्या वाडीत एका शेजाऱ्याने शेततळ्यात मांगूर सोडला आहे. हा मासा परदेशी असून त्यावर बंदी आहे, असे मी म्हटल्यावर त्याने उलट विचारले, "खाडीकाठच्या तलावांत वाढवतात ती वॅनामेई कोळंबीही परदेशीच ना? ती सरकारला चालते, मग माझ्या मांगुराचेच वावडे का?" मला उत्तर सुचले नाही. तळे पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) अगदी काठावर आहे. काय करावे?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळाल्याशिवाय ते तळे रिकामे करणार नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वॅनामेई खरोखरच परदेशी आहे. मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा प्रशांत महासागराचा किनारा हे तिचे मूळ घर. परंतु तिला २००९ मध्ये परवानगी देताना सरकारने अटी घातल्या. रोगमुक्त जनक (अंडी घालणारी) कोळंबी मान्यताप्राप्त पुरवठादारांकडूनच आणायची, ती आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवून तपासायची, बीज नोंदणीकृत केंद्रातूनच घ्यायचे आणि तलावाभोवती खेकडे-पक्षी रोखणारे कुंपण व जाळे घालून, सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यावरच ते खाडीत सोडायचे, असा तो नियम आहे. किनारी जलकृषी प्राधिकरणाचा २००५ चा कायदा त्यामागे उभा आहे. या अटी सर्वत्र काटेकोर पाळल्या जातात असे मी म्हणणार नाही, पण निदान प्रत्येक टप्प्यावर कोणाला जाब विचारायचा हे ठरलेले आहे. मांगुराच्या बाबतीत असे काहीच घडले नाही. हा आफ्रिकी मासा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस बांगलादेशमार्गे चोरवाटेने देशात शिरला, 'थाई मांगूर' या नावाने हातोहात पसरला, आणि बंदीचा निर्णय येईपर्यंत तो अनेक राज्यांतल्या तळ्यांत पोहोचलेला होता. सन २००० पासून देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ती काटेकोर राबवण्यास सांगितले.

म्हणजे मासा परदेशी आहे एवढ्यानेच त्यावर बंदी येत नाही. निसटल्यावर तो काय करील आणि निसटू नये म्हणून आपल्या हातात काय आहे, या दोन गोष्टींवर ती ठरते. या दोन्ही कसोट्यांवर मांगूर नापास होतो. तो मांसभक्षक आहे, मीटरभराहून अधिक लांब वाढतो आणि हवेतला श्वास घेऊ शकत असल्यामुळे ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. गोणपाटात गुंडाळून बाजारात आणलेला एक मांगूर मी जवळून पाहिला आहे. पाण्याबाहेर येऊन कित्येक तास झाले असावेत, तरी गोणपाट उलगडताच त्याच्या मिशा हलत होत्या. असा मासा पऱ्ह्याच्या काठावरच्या तळ्यात सोडणे म्हणजे तो पऱ्ह्यातच सोडण्यासारखे आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात पऱ्हे फुगतात, पाणी शेतांत शिरते आणि चढणीचे मासे वर येतात, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. ज्या वाटेने मळ्या आणि शेंगटी शेतात चढते, त्याच वाटेने शेततळ्यातला मांगूर पऱ्ह्यात उतरतो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या आखूड नद्यांमध्ये असे कितीतरी लहान मासे आहेत जे जगात अन्यत्र सापडत नाहीत. त्यांच्यामध्ये हा खादाड परका शिकारी कधीच नव्हता.

आता करायचे ते असे. आधी मासा नक्की कोणता, याची खात्री करून घ्या, कारण आपल्याकडे देशी मांगूरही आहे आणि त्याला नाहक बदनाम करू नये. देशी मांगूर सहसा दीड फुटापलीकडे जात नाही. शंका असल्यास स्वच्छ छायाचित्र घेऊन जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात किंवा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. मासा आफ्रिकी निघाल्यास शेजाऱ्यांनीच स्वतः होऊन कळवणे उत्तम. मात्र भीतीपोटी तळ्याचा बांध फोडून पाणी पऱ्ह्यात सोडू नका. जे टाळायचे आहे तेच त्याने घडेल. पाणी उपसताना पंपाच्या तोंडाशी आणि बाहेर पडण्याच्या जागी बारीक जाळी बांधावी, मासे काढून खड्ड्यात चुन्यासह पुरावेत, आणि तळ पूर्ण वाळेपर्यंत तळे भरू नये, कारण चिखलात दडून राहिलेला मांगूर पुन्हा वर येतो. हे सारे पावसाआधी उरकायला हवे.

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आमच्या वाडीत मोठ्या शंखाच्या गोगलगायी आल्या. पपई आणि सुपारीच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडत आहेत. त्यांना खाणारी दुसरी गोगलगाय मिळते असे कळले. ती आणावी का?
— एक बागायतदार, दापोली

उत्तर : कृपया आणू नका. हवाईमध्ये १९५५ च्या सुमारास नेमक्या याच हेतूने अमेरिकेतली शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने आफ्रिकन शंखी, म्हणजे आपल्या वाडीत आलेली हीच मोठ्या शंखाची गोगलगाय, आटोक्यात आणली नाही. उलट तिथल्या स्थानिक गोगलगायींचा मोठा घात केला. शंखीची आपल्याकडची कहाणीही हौसेपासूनच सुरू होते : १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या शंखी कोलकात्याच्या एका बागेत सोडल्या. २०२२ मध्ये लातूर, बीड भागात सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केली आणि सरकारवर भरपाई देण्याची वेळ आली.

नियमाने काय साधते, हे पाहायचे तर फ्लोरिडाकडे पाहावे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून आणलेल्या तीन शंखींपासून तिथे अठरा हजारांवर शंखी झाल्या आणि त्या संपवायला जवळपास दहा वर्षे लागली. २०११ मध्ये त्या पुन्हा दिसल्या, तेव्हाही दहा वर्षे झुंजावे लागले. तिथे शंखी सापडलेला परिसर निर्बंधित ठरवतात आणि परवानगीशिवाय तिथून रोप, माती किंवा पालापाचोळा हलवू देत नाहीत. आपल्याकडे मात्र कलमांच्या पिशव्या मातीसकट एका तालुक्यातून दुसऱ्यात जातात आणि शंखीची अंडी त्याच मातीत असतात. तेव्हा यापुढे रोपे घेताना पिशवीची माती उकरून पाहा. साबुदाण्याहून मोठे पिवळसर दाणे दिसले तर रोप घेऊ नका आणि विक्रेत्यालाही दाखवा. वाडीत संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे अंथरा, पहाटे त्याखाली जमलेल्या शंखी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या दाट पाण्यात बुडवून मारा. उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये, कारण मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी एक कृमी त्यांच्यात असू शकते. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच वापरा. कुत्र्या-गुरांच्या पोटात गेल्यास त्या घातक ठरतात.

प्रश्न : मुलासाठी घेतलेले डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव आता टाकीत मावत नाही. गावच्या तळ्यात सोडले तर चालेल का?
— एक पालक, अलिबाग

उत्तर : नाही. हे अमेरिकेतले कासव आहे. ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच बंद केली. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२ अ आले असून, उपद्रवी परदेशी प्रजातींची आयात, विक्री, बाळगणे आणि प्रसार यांवर अधिसूचना काढून बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. मोठी टाकी घेऊन ते सांभाळणे हा पहिला पर्याय. ते शक्य नसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून, ते कोठे सोपवता येईल ते विचारा.