कोल्हापुरात पर्यटक एका दिवसाच्या वर थांबतो का? राधानगरीच्या जुन्या घरात होमस्टे काढावा का?

"कोल्हापूर एका दिवसात उरकतं, मग मुक्कामाला कोण थांबणार?" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि आमचे भावजीच समोर उभे राहिले. तुमच्या वडिलोपार्जित घराचं नंतर सांगते, आधी हे वाक्य निकालात काढू दे.

भावजी म्हणजे माझे दीर. त्यांचा महाद्वार रोडच्या बाजूला लॉज आहे आणि मी आमच्या राहत्या घरातल्या वरच्या खोल्या पाहुण्यांना देते, त्यामुळं आमच्यात हा वाद जेवताखाता चालू असतो. त्यांचा हिशोब असा: माणूस येतो अंबाबाईला. दर्शन, मिसळ, चप्पल लाईनीतून एक जोड, पन्हाळ्यावर फोटो, रात्री तांबडा-पांढरा रस्सा, सकाळी गोवा. तो काही परत येत नाही, तेव्हा नवरात्रात आणि जोडून सुट्ट्या आल्या की दर दुप्पट लावून एका रात्रीत काय ते काढून घ्यायचं. मी म्हणते, दुप्पट दर लावून तुम्हीच त्याला पळवता.

एकदा अशाच सुट्ट्यांत नागपूरचं एक कुटुंब माझ्याकडं उतरलं. नवरा-बायको, कॉलेजातली मुलगी आणि आजी. बेत वर सांगितला तोच. पण दर्शनाची रांग दुपारपर्यंत हलली नाही, गाडी लावायला जागा शोधण्यात तास गेला, पन्हाळ्याच्या वाटेवर गाड्यांचा खोळंबा. संध्याकाळी परत आले तेव्हा आजींचे गुडघे संपले होते आणि रात्री घाट उतरायची कुणाची तयारी नव्हती. मी म्हटलं, राहा आज, उद्या खिद्रापूर दाखवते. भावजी तिथंच चहा पीत होते. "काय हाय तिथं? दगडं!"

माझं माहेर खिद्रापूरजवळच्या कुरुंदवाडचं. खिद्रापूरला दगडं म्हटलेलं मला चालत नाही.

सकाळी जयसिंगपूर-शिरोळवरून निघालो, नृसिंहवाडीत दत्ताचं दर्शन घेतलं आणि पुढं खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वर देवळाचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, मधोमध छताला गोल मोकळं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा. आजी त्या शिळेशेजारी बसल्या त्या उठेनात. मुलीचे वडील खांब मोजत फिरले, दरवेळी आकडा वेगळा. मुलगी विचारते, शंकराच्या देवळात नंदी कुठाय? आता हे सांगायला तिथं त्या दिवशी कुणी नव्हतं, मग मीच सांगितलं. सती माहेरी यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, म्हणून इथं नंदी नाही. तिनं यज्ञात उडी घेतल्यावर शंकर कोपला, म्हणून कोपेश्वर, आणि त्याला शांत करणारा विष्णू धोपेश्वर, म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं. शिलाहारांच्या काळचं काम, बाराव्या शतकातलं. पुढं यादव राजा सिंघणाचा शिलालेखही आहे.

मग आजींना बाथरूमला जायचं होतं. नेण्यासारखी जागा दिसेना. शेवटी माझ्या मावशीचं घर गावातच म्हणून निभावलं, आणि मावशीनं मग भाकरी, आमटी, खर्डा करून जेवूनच पाठवलं. पैसे घेत नव्हती, मी घ्यायला लावले. परतीला वाडीची बासुंदी झाली, आणि मुलगी म्हणाली चप्पल बनवतात ते बघायचंय. सुभाषनगरात ओळखीच्या कारागिरांकडं नेलं, तासभर बसली. इटलीतल्या फॅशन शोमध्ये २०२५ ला आपल्या चपलेची नक्कल झाली म्हणून आपण किती आरडाओरडा केला, २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे म्हणून मिरवलं, पण इथं आलेल्या माणसाला ती कुठं शिवतात हे दाखवायला कोण नेतं? तिनं तिथं दोन जोड घेतले, रोख. गोवा एक दिवस लांबला.

त्या एका जादा रात्रीचे पैसे गाडीवाल्याला, मावशीला, बासुंदीवाल्याला, कारागिराला मिळाले. मला खोलीचं नेहमीचं भाडं. भावजी म्हणतात एका नागपूरकरावरून धंदा होत नसतो. बरं, मग दर दुप्पट करून तुमचा लॉज एरवीच्या मंगळवारी का रिकामा असतो, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

पन्हाळा जुलै २०२५ ला जागतिक वारसा यादीत गेला. चांगलंच झालं. पण यादीत नाव आल्यानं माणूस तिथं राहत नाही. पावनखिंडीची वाट, मसाई पठार, पांडवदरा हे कुणी हाताला धरून दाखवलं तर दोन दिवस पुरत नाहीत. आपल्याकडं बघण्यासारखं कमी नाही, पार्किंग, स्वच्छतागृह आणि बोलता येणारा वाटाड्या कमी आहे. वंदे भारत आली, विमानतळाची नवी इमारत झाली, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमुळं वकील-पक्षकारांचीही ये-जा वाढली. माणूस येतोय. त्याला थांबवायचं कुणी?

आता तुमचं घर. काढा. दाजीपूरचा गवा, मेअखेरीचे काजवे, पावसात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की होणारी गर्दी, एवढं भांडवल कुणाकडं आहे? पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून घ्या. जेवण घरचंच ठेवा, पंजाबी मेनूच्या भानगडीत पडू नका.

हां, एक राहिलं. जंगल पावसाळ्यात बंद असतं, आणि २०१९, २०२१ सारखा पूर आला तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जातो, मग मुंबई-पुण्याचं बुकिंग गेलंच म्हणायचं. नोकरी लगेच सोडू नका. पुण्यात बसून केअरटेकरवर चालवणार असाल तर मात्र मुळीच काढू नका, गावातलं कुणीतरी घरचं माणूस तिथं राहायला हवं.

आणि राधानगरीवरूनच फोंडा घाटाचा रस्ता गोव्याला जातो. भावजींच्या लॉजवरून सकाळी त्या वाटेनं निघणारे सगळे तुमच्या दारावरूनच जाणार आहेत. पाटी मोठी लावा.