विमानं भरलेली असतात, मग कंपन्या का बुडतात?

मूळ प्रश्न असा आहे: पुणे-नागपूर असो की मुंबई-दिल्ली, विमानात रिकामी जागा दिसत नाही, दिवाळीत तिकिटाला हात लावायची सोय नसते. मग किंगफिशर, जेट, गो फर्स्ट एकामागून एक कशा बसल्या? आणि तिकिटं स्वस्त कधी होणार? खाली दोघा-तिघांनी "मालकांनी पैसे खाल्ले" म्हणून विषय मिटवला आहे. मालकांचे उद्योग असतात, नाही असं नाही. पण तेवढ्याने भागत नाही. बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नफ्याचा आकार बघा. विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या जागतिक संघटनेने 2025 साठी अंदाज दिला होता तो प्रवाशामागे साधारण 7 डॉलर निव्वळ नफ्याचा. उत्पन्नाच्या चार टक्केसुद्धा नाही. हे प्रमाण 186 आसनांच्या एअरबस ए-320 विमानाला लावून बघा. विमान 85 टक्के भरलं तर 158 प्रवासी. त्यातल्या 152 जणांचे पैसे खर्चात जातात आणि उरलेल्या सहा जणांच्या तिकिटांवर कंपनी जगते. विमान भरलेलं दिसणं आणि कंपनीला पैसे सुटणं यांचा संबंध इतकाच.

आता ते सहा जण कुठे गायब होतात ते सांगतो.

इंधन हा सगळ्यात मोठा खर्च, आपल्याकडे एकूण खर्चाच्या 35 ते 40 टक्क्यांपर्यंत. विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि वर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, तेही गोवा-बंगळुरूची बरोबरी करायला. दरातल्या अशा फरकामुळे स्वस्त राज्यात टाकी जास्त भरून घ्यायची आणि महाग राज्यात कमी, असा हिशेब रोज चालतो. त्याला आम्ही टँकरिंग म्हणतो. जास्तीचं वजन वाहायला आणखी इंधन जळतं, तरी ते परवडतं. यावरून कराची गंमत लक्षात यावी.

पण माझ्या मते इंधनापेक्षा डॉलर जास्त घात करतो. इंधनाचा भाव डॉलरशी बांधलेला, विमानाचं भाडं डॉलरमध्ये, इंजिनाची दुरुस्ती डॉलरमध्ये आणि तिकीट मात्र रुपयात. (बहुतेक विमानं कंपनीच्या मालकीची नसतात, आयर्लंड वगैरे ठिकाणच्या भाडेकंपन्यांची असतात. शेपटीवर नाव आपलं, एवढंच.) रिक्षा भाड्याने चालवायची, मीटर रुपयात टाकायचा आणि मालकाला भाडं दिरहॅममध्ये द्यायचं, तसा हा धंदा आहे. इंडिगोचा जुलै-सप्टेंबर 2025 चा तिमाही निकाल काढून बघा. तोटा 2,582 कोटी. चलनाचा परिणाम बाजूला काढला तर शंभरेक कोटींचा नफा. म्हणजे विमानं नीट उडाली, प्रवासी आले, आणि रुपया घसरला म्हणून तिमाही बुडीत गेली. देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी नेणाऱ्या कंपनीची ही गत, तर लहान कंपनीचं काय होत असेल?

गो फर्स्टचं प्रकरण मात्र सगळ्यांनी नीट वाचावं असं आहे. मे 2023 मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा त्यांची 25 विमानं, म्हणजे ए-320 निओ ताफ्यातली जवळपास निम्मी, इंजिनांअभावी जमिनीवर होती. इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची. जुन्या इंजिनांपेक्षा इंधन बरंच वाचवणारी, म्हणूनच सगळ्यांनी घेतली होती. पण ती ठरल्यापेक्षा लवकर उतरवावी लागत आणि बदली इंजिन वेळेवर मिळत नसे. कंपनीने सगळा दोष इंजिनवाल्यांवर टाकला, त्यांनी तो नाकारला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, याच इंजिनांच्या डिस्कसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचं जाहीर झालं आणि जगभरची विमानं तपासणीसाठी उभी करावी लागली. एक इंजिन विमानातून काढून परत बसेपर्यंत 250 ते 300 दिवस. उभ्या विमानाचं भाडं थांबत नाही, पायलटचा पगार थांबत नाही, पार्किंगही फुकट नसतं.

इंडिगोकडेही हीच इंजिनं होती आणि सत्तरच्या आसपास विमानं उभी होती. फरक असा की हातात रोकड होती, जुन्या विमानांचे करार वाढवता आले, बाहेरून क्रूसकट विमानं भाड्याने आणता आली. मोठा माणूस सहा महिने आजारी पडू शकतो, हातावर पोट असलेला नाही.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. गो फर्स्ट बंद पडल्यावर भाडेकंपन्या आपली विमानं परत मागायला आल्या, तर दिवाळखोरी कायद्याच्या स्थगितीमुळे (अर्ज चालू असताना कंपनीकडचं काही काढून नेता येत नाही) ती अडकली. भाडं थकलं तर मालकाला विमान परत नेता यावं म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय केप टाऊन करारावर आपण 2008 मध्येच सही केली होती, पण घरचा कायदा वरचढ ठरला. शेवटी एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 54 विमानांची नोंदणी रद्द करायला, म्हणजे ती मालकांना नेण्यासाठी मोकळी करायला, सांगितलं, तोवर वर्ष जात आलं होतं. परदेशी मालक अशी जोखीम पुढच्या भाड्यात धरतो आणि ती भरतात बुडालेल्या नव्हे, जिवंत असलेल्या कंपन्या. ही अडचण काढायला 2025 मध्ये वेगळा कायदा झाला. उशिरा, पण चांगलं झालं.

किंगफिशर आणि जेटबद्दल थोडक्यात: दोघांनीही 2007 च्या सुमारास दुसऱ्याची कंपनी चढ्या भावात घेतली. एकाने एअर डेक्कन, दुसऱ्याने एअर सहारा. पुढच्याच वर्षी तेल भडकलं. कर्जाचं ओझं तिथून चढत गेलं.

आता उलट बाजू. काटकसरीने जगणाऱ्याची काटकसर कुठवर? पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, जानेवारी 2024 मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली आणि त्या कंपनीला नियमात तात्पुरती सूटही द्यावी लागली. थकलेला पायलट रात्री तिसऱ्यांदा उतरत असताना मागे आपण बसलेलो असतो, त्यामुळे नियम योग्यच होते. उड्डाणं रद्द झाली तो परिणाम होता रोस्टरमध्ये (पायलटांच्या ड्युटीच्या वेळापत्रकात) सैल जागाच ठेवायची नाही, या हिशेबाचा.

एका सदस्याने उडानबद्दल, म्हणजे लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेबद्दल, विचारलं आहे. कॅगच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे तिसऱ्या फेरीपर्यंतच्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले आणि अनुदानाची तीन वर्षं संपल्यावर 54 टिकले. यात मुंबईचा वाटा आहे. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, गर्दीच्या तासाला 46 च्या आसपास उड्डाणं-उतरणी. उतरायची वाट बघत चाळीस मिनिटं घिरट्या घातल्या तर 1.8 लाखांचं इंधन जातं, हा 2024 मधला सरकारी आकडा. अशा ठिकाणी 72 आसनांचं छोटं एटीआर विमान उतरवा किंवा सव्वादोनशे आसनांचं ए-321, स्लॉट (उतरायची ठरवून दिलेली वेळ) एकच लागतो. चिपीची (सिंधुदुर्गच्या विमानतळाची) विमानसेवा का बंद पडते, हे यावरून ओळखा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई सुरू झाली आहे. तिथे एटीआरना सोयीच्या वेळा मिळतात का, हे सिंधुदुर्ग-जळगाववाल्यांनी बघत राहावं.

तिकिटं स्वस्त होण्याबद्दल: इतक्यात नाही. इंडिगो आणि एअर इंडिया मिळून जवळपास 90 टक्के प्रवासी नेतात. तिसरा कोणी पैसे घेऊन उतरला तरी विमान मिळायला हवं. एअरबसकडे आठ हजारांवर विमानांच्या ऑर्डरी आधीच पडून आहेत आणि रांगेत पुढे उभी असलेली गिऱ्हाइकं हीच दोघं आहेत.