‘ऑलदो’ आल्यावर ‘बट’ कशाला?

प्रश्न : कामानिमित्त मला परदेशातील सहकाऱ्यांशी रोज इंग्रजीत बोलावे आणि लिहावे लागते. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी रीच्ड ऑन टाइम’ हे माझे वाक्य वरिष्ठांनी चुकीचे ठरवले. यात नेमके काय चुकले? बोलताना ‘हाउएव्हर’, ‘नेव्हरदलेस’ असे शब्द वापरावेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चूक ‘बट’ची आहे आणि तिचे मूळ आपल्या मराठीत आहे. ‘जरी पाऊस होता, तरी आम्ही वेळेवर पोहोचलो’ या वाक्यातले ‘तरी’ काढले, तर ते अपुरे वाटते. इंग्रजीत मात्र दोन वाक्ये जोडायला एकच उभयान्वयी अव्यय पुरते, म्हणून ‘ऑलदो’ ठेवायचे असेल तर ‘बट’ गाळावे आणि ‘बट’ ठेवायचे असेल तर ‘ऑलदो’. ‘दो’ (though) आणि ‘येट’ (yet) ही जोडी शाळेत शिकल्याचे अनेकांना आठवत असेल. ती अशुद्ध नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ईयोब (जोब) या देवभक्ताच्या तोंडी ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’ असे वाक्य आहे. पण आजच्या ईमेलमध्ये ती जुन्या वळणाची वाटते.

‘डिस्पाइट ऑफ’ हेही टाळावे. ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट’ला.

‘हाउएव्हर’ अहवालात आणि औपचारिक पत्रात शोभते, मात्र त्याआधी स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्ये जोडता येत नाहीत. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘नेव्हरदलेस’ गप्पांमध्ये फारच जड होते. समोरच्याचे म्हणणे अंशतः मान्य करून आपले मत मांडायचे असेल, तर ‘आय सी युअर पॉइंट, बट वी नीड मोअर टाइम’ एवढे पुरे, कारण ‘तुमचे म्हणणे पटते, पण...’ हा सूर त्यात आपोआप उतरतो.

बोलण्यात सर्वांत उपयोगी पडते ते वाक्याच्या शेवटी येणारे ‘दो’. आपण ‘हॉटेल महाग होते, जेवण मात्र उत्तम होते’ असे सहज म्हणतो. इंग्रज माणूस तेच ‘द होटेल वॉज एक्स्पेन्सिव्ह. द फूड वॉज ग्रेट, दो’ असे म्हणतो. आपले ‘मात्र’ वाक्याच्या मध्ये येते आणि त्यांचे ‘दो’ टोकाला, म्हणून ते आपल्या तोंडी चटकन येत नाही. पण मुद्दाम सवय केली तर बोलणे कितीतरी मोकळे होते. ‘ऑलदो’ला मात्र वाक्याच्या शेवटी अशी जागा मिळत नाही.