जर्मनीतल्या जाऊबाईंची रजा

“मॅडम, रजा संपत आली, बाळ अजून लहान आहे. नोकरी सोडू का?” हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वरचेवर येतो. हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य असतं: “परदेशात बघा, वर्ष-दीड वर्ष घरी राहून पैसे मिळतात.” ज्या बाईमुळे हे लिहायला घेतलं, तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला इथे श्रीदेवी म्हणू.

घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ. घरात तेलुगू, बाहेर मराठी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कंपनीत ती एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. नवरा पुण्यात आयटीत. सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जातो, गुरुवारी परततो, उरलेलं काम घरून. सासूबाई विड्या वळतात. बाळ साडेचार महिन्यांचं, आणि रजेचे जेमतेम दोन-तीन आठवडे शिल्लक.

पहिल्या भेटीत मी तिची झोप, भूक आणि बाळाबद्दल मनात काय काय येतं हे नीट विचारून घेतलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य असेल तर आधी डॉक्टर, रजेच्या गप्पा नंतर. तसं नव्हतं. रडू यायचं ते ठरावीक वेळी: ऑफिसातून “परत येणार आहात ना नक्की?” असा फोन आला की, आणि जाऊबाईंचा मेसेज आला की. जाऊबाई जर्मनीत. त्यांनी घरच्या ग्रुपवर देशोदेशींच्या रजेचा तक्ता टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, “मी तर वर्षभर घरीच होते.” त्यावर नवरा म्हणाला, “बघ, तिकडे बायका बाळाजवळ राहतात. तू कशाला घाई करतेस? सोड ना.”

म्हणजे जर्मनीचं धोरण सोलापुरात येऊन राजीनाम्याची शिफारस झालं होतं! पुढच्या भेटीला मी नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बोलावलं आणि तोच तक्ता टेबलावर ठेवला.

तक्त्यातला मातृत्व रजेचा रकाना पाहिला तर आपण जर्मनीच्या पुढे आहोत. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पूर्ण पगारी. जर्मनीत आईची संरक्षित रजा १४ आठवडे, ६ आधी आणि ८ नंतर. नवऱ्याचा चेहरा खुलला. “मग वहिनी वर्षभर घरी कशी?” त्याचं उत्तर दुसऱ्या रकान्यात होतं, आणि तो रकाना कुणी वाचलाच नव्हता. जर्मनीत त्यानंतर पालक भत्ता मिळतो, निव्वळ पगाराच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, पण महिन्याला कमाल १८०० युरो. तो आईचा नाही, पालकांचा. एकट्याने घेतला तर १२ महिने. दोघांनी घेतला आणि दुसऱ्याने किमान दोन महिने घेतले, तर १४. वडील घरी थांबले नाहीत तर ते दोन महिने बुडाले.

मी नवऱ्याला विचारलं, “तुमच्या दादांनी घेतले का ते दोन महिने?”

त्याला माहीत नव्हतं. तिथल्या तिथे फोन लावला. घेतले होते. “दादाने कधी सांगितलं नाही,” असं तो म्हणाला, आणि जरा गप्प बसला. भावाभावांत क्रिकेट, गाडी, प्लॉट सगळ्यावर बोलणं होतं. बाळाचे लंगोट बदलायला दोन महिने घरी होतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

स्वीडनमध्ये दोन्ही पालकांना मिळून असलेले भत्त्याचे ४८० दिवसही असेच. ३९० दिवस पगाराच्या प्रमाणात पैसे, उरलेले ९० अगदी कमी ठरावीक दराने. त्यातले ९०-९० दिवस प्रत्येक पालकाच्या नावावर राखीव, जोडीदाराला देता येत नाहीत. हे राखीवपण का लागतं ते जपानकडे पाहिलं की कळतं. तिथे मूल वर्षाचं होईपर्यंत वडिलांनाही रजा आहे, पहिले १८० दिवस ६७ टक्के भत्ता आहे, तरी वर्षानुवर्षं ती घेणारे पुरुष फार थोडे होते. अलीकडे आकडा वाढतोय. आणि ज्या अमेरिकेचं आपल्याला सगळ्यात अप्रूप, तिथे १९९३ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि साधारण ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. काही राज्यांनी आपापली पगारी रजा दिलीय, ती वेगळी. “परदेशात” असा एकच देश नाही, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते.

ऑफिसच्या फोनचं कारणही त्या तक्त्यातच होतं. जर्मनी-स्वीडनमध्ये या पैशाचा मोठा भार सरकार किंवा सामाजिक विमा उचलतो. आपल्याकडे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनी कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असेल तर पैसे त्या योजनेचं महामंडळ देतं; श्रीदेवीसारखी त्या मर्यादेवरची असेल तर सगळे २६ आठवडे मालकाच्या खिशातून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा करार सांगतो की हा बोजा एकट्या मालकावर टाकू नये. तो भारताने स्वीकारलेला नाही. म्हणून साहेबाचा सूर बदलतो. बाईला वाटतं, आपलंच काही चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं. रजेवर असताना तिला कामावरून काढणं हे कायद्याविरुद्ध आहे.

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. स्वीडनमध्ये जुलै २०२४ पासून आईवडील आपले प्रत्येकी ४५ दिवसांपर्यंत भत्त्याचे दिवस आजी-आजोबांनाही देऊ शकतात, हे मी सांगितलं तेव्हा त्या एकदम पुढे सरकल्या.

“नात सांभाळायचे पैसे? आजीला?”

“हो मावशी.”

“सरकार देतं?”

मग त्या हसल्या आणि सगळं सांगू लागल्या. सकाळी पान भिजवायचं, कापायचं, मांडीवर सूप घ्यायचं, बोटं आपोआप चालतात. पण पोर रडलं की सूप बाजूला. तंबाखूचे हात धुवायचे, साडीही झटकायची, मग पोराला घ्यायचं. परत बसेपर्यंत पान वाळतं. “आधी जायची तेवढी विडी आता जात नाही माझ्याकडून. ही कामाला लागली की मग तर सूप टांगूनच ठेवायचं.” आपल्या वेळची रजा किती, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, “आम्ही बाळंतिणीच्या खोलीतच बसलो वळायला.”

श्रीदेवीने आणि नवऱ्याने हा हिशोब कधी केलाच नव्हता. “आई आहेच की” एवढ्या तीन शब्दांवर दोघांच्या नोकऱ्या उभ्या होत्या, आणि त्या आईची मजुरी बुडत होती. सुनेने नोकरी सोडावी की नाही यावर घरात महिनाभर चर्चा. सासूने काम सोडावं हे मात्र न बोलता ठरलेलं. माझ्या मते रजेचा खरा तक्ता मांडायचा तर त्यात हा रकाना आधी हवा: घरात राहणाऱ्याची किती कमाई बुडते आणि ती कोण भरून देतं.

श्रीदेवीने राजीनामा दिला नाही. तिला मी काही गोष्टी लेखी मागायला सांगितल्या, कारण तोंडी मागणं चहासोबत विरघळतं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा दूध पाजायला वेळ, हा हक्क आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा. रजेनंतर घरून काम मात्र मालकाच्या संमतीने. तिच्या कंपनीत पाळणाघराची पाटी होती, खोलीत टॉवेलचे खोके रचलेले. पहिला अर्ज त्यावर गेला. खोली अजून रिकामी झालेली नाही. घरून काम मात्र आठवड्यातून दोन दिवस मंजूर झालं.

नवऱ्याची गोष्ट मजेशीर. खासगी नोकरीतल्या बापाला आपल्याकडे कायद्याने एकही दिवस नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस आहेत. पण त्याच्या कंपनीचा स्वतःचा नियम निघाला: दोन आठवडे, बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यायचे. त्याने बारशाला तीन दिवस घेऊन विषय संपवला होता. उरलेले दिवस त्याने श्रीदेवी कामावर जाते त्या सोमवारपासून टाकले. त्याच्या मॅनेजरने विचारलं, “आता कशाला? बाळ तर मोठं झालं.” साहेबांना काय उत्तर द्यायचं, याची आम्ही भेटीत तालीम केली होती.

सासूबाईंना दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, असं दोघांनी ठरवलं. त्यांनी पैसे घ्यायला आधी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, हातात नको, बँकेत टाका, आणि पासबुक माझ्याकडे राहील.